ज्याचं टाळं, त्यानेच काढायचं

२ जानेवारी

डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलंय. बोललो की धाप लागते, आणि न बोलून राहणं मला कधी जमलेलं नाही, म्हणून ही डायरी. औषधकंपनीने डॉक्टरांना फुकट दिली, डॉक्टरांनी मला. प्रत्येक पानाखाली एक आरोग्यमंत्र छापलाय. आजचा मंत्र : खोल श्वास घ्या. घेऊन पाहिला. अर्ध्या वाटेत अडकला.

माझी फुप्फुसं वाळत चालली आहेत. हळूहळू कडक होतात म्हणे, आणि एकदा झाली की परत मऊ होत नाहीत. बोईसरच्या डॉक्टरांपासून मुंबईच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचं यावर एकमत आहे, आणि डॉक्टरांचं एकमत झालं की समजावं, आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. मुंबईचे मोठे डॉक्टर "पुढचा पावसाळा..." एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. तारापूरच्या केमिकल कारखान्यात उभं आयुष्य घालवून शिफ्ट इनचार्ज म्हणून निवृत्त झालेला माणूस आहे मी. अर्धवट सोडलेलं वाक्य मला कळतं.

नाकात नळी आहे. नळीच्या दुसऱ्या टोकाला घरघरणारं मशीन आहे. ते खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतं. आमच्या सालवडच्या, कारखान्यांच्या धुरातल्या हवेतून ऑक्सिजन शोधून काढतं म्हणजे कामाचं असणार.

५ जानेवारी

आज जुन्या कारखान्यातले दोघे भेटायला आले. मशीनला इतके बिचकून होते की जणू तेच आजारी आहे. चिवडा संपेपर्यंत बसले. जाताना एकाने माझा खांदा दाबून "पॉझिटिव्ह राहा" म्हटलं. दुसरा म्हणाला, "तुम्ही फायटर आहात."

कुणाशी फाईट? आता मोरीपर्यंत जायचं म्हणजे मध्ये खुर्चीवर टेकावं लागतं. आंघोळ गोजरा घालते. तिला पाठ द्यायची, हात वर करायचे, मान खाली घालायची. ज्या माणसाच्या सहीशिवाय कारखान्यातला व्हॉल्व्ह उघडत नव्हता, त्याला आता बायको "उचला पाय" म्हणते आणि तो उचलतो. हे आणखी वाढत जाणार आणि शेवटी गुदमरून संपणार. मला गुदमरायचं नाही. बाकी कशाचं मला काही नाही.

मी काय मागतोय? तर एक दिवस मी "आता बास" म्हणेन, तेव्हा कुणीतरी बास करावं. गुराला सुद्धा आपण एवढी माया दाखवतो.

११ जानेवारी

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात आज परिसंवाद होता. विषय : इच्छामरण हवे की नको? छोटा सिलिंडर घेऊन रिक्षाने गेलो. गोजरा नको म्हणत होती. म्हटलं, माझ्याच विषयावर बोलतायत, मी नको जायला?

'हवे'वाले वक्ते निवृत्त मुख्याध्यापक. मरणाला त्यांनी तीनदा मित्र म्हटलं. त्या मित्राशी त्यांची ओळख झालेली नाही हे त्यांच्या गालांवरून दिसत होतं. 'नको'वाले म्हणाले, श्वास देवाने दिलेला आहे, तो देवानेच न्यावा. माझा श्वास विजेवर चालतो. वीज गेली की देव येत नाही, इन्व्हर्टर येतो.

मध्येच अध्यक्ष माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "झुंबरराव, तो आवाज जरा कमी होईल का?"

"कुणाचा? सिलिंडरचा की माझा?"

मग मला मागे पंख्याखाली बसवलं. शेवटी हात वर करून मतं घेतली. बहुतेक सगळे 'हवे'च्या बाजूने. टाळ्या झाल्या, नारळ दिले, आणि मरणाचा हक्क मागणारी ही सगळी मंडळी शेजारच्या खोलीत शुगर आणि बीपी तपासायच्या रांगेत एकमेकांना ढकलत उभी राहिली. मला रांगेत पुढे घ्या असं कुणी म्हटलं नाही. बरोबरच आहे, मी काय तपासणार?

१४ जानेवारी

संक्रांत. अपेक्षा पालघरहून आली. माझी मुलगी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळे हक्क वगैरे तिला तोंडपाठ. दोन वर्षांपूर्वी 'सन्मानाने मरण्याचा अधिकार' असा लांबलचक लेख तिनेच मला पाठवला होता. तेव्हा आजारी दुसऱ्या कुणाचे तरी वडील होते.

तिने कायदा समजावून सांगितला. आपल्याकडे आधीच लिहून ठेवता येतं, की शेवटी मला व्हेंटिलेटर लावू नका, नळ्या घालू नका. दोन साक्षीदार लागतात, नोटरी लागतो, आणि ऐनवेळी आपल्या वतीने बोलणारं घरचं माणूस नेमावं लागतं. पण "मला सोडवा" असं सांगता येत नाही. सोडवणारा सरळ तुरुंगात. म्हणजे मला मरू द्यायला परवानगी आहे, फक्त ते मरणाच्या सोयीने व्हायला हवं, माझ्या नाही.

म्हटलं, निदान तो कागद तरी कर, आणि माझ्या वतीने बोलणारं माणूस तू हो. "हो पप्पा, करू ना," म्हणाली आणि तिळगूळ वाटायला उठली. नोटरीला कधी बोलावतेस विचारलं तर कॉलेजात परीक्षा. मग मुलाचं गॅदरिंग. मग नवऱ्याची बदली होणार आहे बहुतेक. सगळे हक्क बोलून झाले की सहीच्या वेळी माणसाला गॅदरिंग आठवतं.

आणखी एक. गेले काही दिवस बघतोय, गोजरा अंधार पडला की हातातल्या बांगड्या काढून खिळ्याला अडकवते. संक्रांतीला बाया नव्या बांगड्या भरतात, आमची आहेत त्या उतरवते. एवढी घाई? मी अजून आहे. सराव करायचाच तर माझ्या पाठीमागे करावा. मनाला फार लागलं, पण विचारलं नाही.

२० जानेवारी

प्रफुल्ल आला होता. हा मासवणचा, आमच्या कारखान्यात फिटर. माझ्या हाताखाली होता, अजूनही "भाऊ" म्हणतो. घरचे वाल घेऊन आला.

त्याच्याविषयी एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण कारखान्यात ती अजून सांगतात. आमच्याकडे नियम होता. दुरुस्तीला कुणी टाकीत उतरलं की लाईन बंद करायची, आणि बंद केलेल्या व्हॉल्व्हला सहा भोकांची लोखंडी कडी लावायची. जितकी माणसं कामावर, तितकी टाळी त्या कडीत. प्रत्येकाचं आपलं टाळं, आपली चावी. काम संपलं की ज्याचं टाळं त्यानेच येऊन काढायचं. एक जरी राहिलं तरी लाईन सुरू होत नाही, कारण तो माणूस अजून आत असू शकतो. एकदा प्रफुल्ल चावी खिशात घालून घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याचं लग्न होतं, डोकं ठिकाणावर कुठलं. मॅनेजर कटर घेऊन आला. मी कडीपुढे उभा राहिलो, म्हटलं माणूस येईपर्यंत टाळं कापायचं नाही. शेवटी मासवणला जीप धाडली. प्रफुल्ल आला तो हळदीने पिवळाधमक. टाळं काढलं आणि त्याच जीपने बोहल्यावर परत. निवृत्तीच्या दिवशी मला शालीबरोबर ती सहा भोकांची कडी आणि माझं लाल टाळं दिलं. दोन्ही शोकेसमध्ये आहेत.

तर आज गोजरा स्वयंपाकघरात होती. मी प्रफुल्लला जवळ बोलावून स्पष्टच सांगितलं. मी निरोप धाडीन त्या दिवशी ये आणि हे मशीन बंद कर. घरच्यांच्यानं होणार नाही, तू परका आहेस, तुझ्यानं होईल.

त्याने वालाच्या पिशवीची गाठ सोडून परत बांधली. मग म्हणाला, "भाऊ, तुमीच शिकवलाय आमाला. ज्याचा टाळा त्यानीच काढायचा."

"माझंच आहे की. माझा जीव, माझं टाळं."

"एकट्या तुमचाच टाळा नाय हाय त्याच्यावर," म्हणाला आणि चहा न घेता गेला.

मलाच माझा नियम शिकवतो. परका म्हटल्याचा राग आला असेल.

२२ जानेवारी

सकाळी प्रफुल्ल ड्रिल मशीन घेऊन दारात. मला वाटलं, विचार करून आला. खरं सांगायचं तर हात आधी नळीकडे गेला, इतक्या लवकर मी म्हटलं नव्हतं.

तो माझ्याकडे आलाच नाही. गोजराने त्याला भिंतीशी नेलं. ऑक्सिजन मशीनचं बटण जिथे आहे, त्यावर त्याने मीटरच्या पेटीसारखी छोटी लोखंडी पेटी बसवली. पेटीला माझी सहा भोकांची कडी घातली, शोकेसमधून काढून, मला न विचारता. आणि गोजराने त्या कडीत गावाकडच्या ट्रंकेचं पितळी टाळं अडकवलं. चावी मंगळसूत्राच्या दोऱ्यात ओवली. म्हणजे परवा स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं.

असला अडाणीपणा मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. आम्ही टाळं लावायचो ते बंद ठेवायला. ही लावते चालू ठेवायला. शिवाय विजेच्या बटणावर टाळं! शॉर्टसर्किट झालं म्हणजे? आणि मला मारायचंच असेल तर नळी नाकातून काढली की झालं, टाळ्याला विचारतंय कोण? हे सगळं बोलायला दम लागतो म्हणून फक्त "मूर्खपणा आहे" एवढंच म्हटलं.

"असू द्या," गोजरा म्हणाली. "माझं टाळं हाय ते. मी काढीन तवाच निघंल."

चावी दे म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्याची चावी मागायची नसते. नियम माझाच. गेली कित्येक वर्षं जेवताना ऐकवलेल्या गोष्टी या बाईने लक्षात ठेवल्या आणि नेमक्या माझ्यावर उलटवल्या.

१ फेब्रुवारी

अपेक्षा आली. पेटी बघून आधी खूप हसली. मग मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. बाहेर आली ती नाक लाल. जाताना बॅगेचं इवलंसं टाळं काढलं आणि आईच्या टाळ्याशेजारी अडकवलं.

विचारलं, हक्कांचं काय झालं? म्हणाली, "हक्क तुमचाच आहे पप्पा. हे टाळं माझं आहे."

राज्यशास्त्राची प्राध्यापक! व्याख्यानात टाळ्या घेते आणि घरी येऊन टाळी लावते. नोटरीचं विचारायचं राहूनच गेलं.

१९ फेब्रुवारी

घरी आलो. मधली पानं कोरी आहेत, ती तशीच राहू देत.

एका दुपारी श्वास लागला आणि थांबेना. गोजराने रुग्णवाहिका बोलावली. बोईसरच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात टाकलं. तोंडावर घट्ट मास्क, त्यातून हवा जोराने आत ढकलतात. मी तो ओढून काढला. परत लावला. परत काढला. मग त्यांनी माझे दोन्ही हात पट्टीने पलंगाला बांधले. सिस्टर वाईट नव्हती, "काका, नाइलाज आहे" म्हणाली. पण बांधले. नाक खाजलं तरी हात नाही. कुणी आलं की मी डोळ्यांनी हातांकडे खुणावायचो आणि येणाऱ्याला वाटायचं, काका नमस्कार करतायत.

मला भीती वाटली. मरणाची नाही. असंच राहण्याची.

गोजराला दिवसातून एकदा आत सोडायचे. पहिल्या दिवशी ती आली, हात बघितले, आणि पट्टीखाली बोट घालून घालून जरा सैल केली. नंतर रोज तेच. परिसंवादात 'हवे' आणि 'नको' म्हणणाऱ्या दोघांनाही तिथे एकेक दिवस बांधून ठेवावं. मग नारळ द्यावेत.

डॉक्टर म्हणाले, या वेळी निभावलं, पुढच्या वेळी नळी घालावी लागेल. पुढची वेळ लांब नाही हे त्यांनी चष्मा न पुसता सांगितलं.

२३ फेब्रुवारी

आज संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर गोजरा नेहमीसारखी बांगड्या उतरवायला लागली. दवाखान्यातून आल्यापासून मला कशाचीच भीड उरलेली नाही. विचारलं, मी जायच्या आधीच कशाला उतरवतेस?

तिने बांगड्या खिळ्याला अडकवल्या. "येडं का खुळं," म्हणाली. "खाली झोपते मी तुमच्या उशाशी. कूस बदलली की बांगड्या वाजत्यात. तेवढ्यात तुमचा श्वास ऐकू येत न्हाई. मग उठून बघावं लागतंय."

मी भिंतीकडे तोंड केलं. मशीनची एवढी घरघर, त्यातून हिला माझा श्वास वेगळा ऐकू येतो म्हणे. कारखान्यात पंप बिघडायच्या आधी मला आवाजावरून कळायचं, तेव्हा मला वाटायचं हे फक्त मलाच येतं.

थोड्या वेळाने ती उठली. मंगळसूत्रातली चावी न सोडवता तशीच वाकून पेटीशी गेली, भिंतीला कपाळ टेकवून टाळं उघडलं आणि माझ्या हातात आणून ठेवलं. गरम होतं, पेटीजवळ मशीन तापतं म्हणून.

"माझं काढलं," म्हणाली. "पुन्यांदा त्या दवाखान्यात न्हाई नेणार. कुणी काही म्हणू द्या. इथंच ऱ्हावा. मी बसते जवळ. पण बटण दाबायचं मला सांगू नका, त्ये माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

मला हवं होतं तेच मिळालं. अर्धं का होईना. मग आनंद व्हायला पाहिजे होता. मी मात्र टाळं हातात धरून बसलो आणि म्हटलं, बांगड्या घालून झोप. माझा श्वास काय ऐकायचाय, तो काही पळून जात नाही. तू आहेस हे मला तरी कळू दे.

तिने घातल्या. रात्रभर वाजल्या. झोप काही लागली नाही.

२६ फेब्रुवारी

अपेक्षाला फोन केला. बोलताना तीनदा थांबावं लागलं. सांगितलं, आईने टाळं काढलं, आता तुझं एकटीचं आहे. रविवारी ये, टाळं काढ आणि त्याच दिवशी कागदही करून टाकू. नळी घालायची नाही हा कागद. एक साक्षीदार शेजारी आहेत, हाक मारली की येतील; दुसरा प्रफुल्ल होतो म्हणाला. परका म्हटल्याबद्दल त्याच्याशी काही बोललो नाही, त्यानेही काढलं नाही. बटणाचं पुन्हा विचारलं नाही मी.

फोनवर ती "हो" म्हणाली. या वेळी गॅदरिंग वगैरे काही नाही.

१ मार्च

रविवार. सकाळपासून छाती जड आहे. ओठ निळसर दिसतात असं गोजरा प्रफुल्लला सांगत होती, मला ऐकू जाणार नाही अशा समजुतीत. नोटरीसाहेब वेळेवर आले आणि चहा पिऊन पेपर वाचत बसले. मी स्वच्छ सदरा घातला होता. गोजराने घातला.

अपेक्षा आली. सरळ पेटीपाशी गेली. कडीत तिचं ते इवलंसं टाळं एकटंच लोंबत होतं. मग तिने पर्स उघडली. एक कप्पा, दुसरा कप्पा, परत पहिला. सगळं सामान जमिनीवर ओतलं. रुमाल, कंगवा, मुलाच्या गोळ्या. चावी नाही. "घरी राहिली पप्पा," म्हणाली, "पालघरला राहिली," आणि परत पर्समध्ये हात. सगळा वेळ डाव्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा घट्ट धरलेला आणि उजव्या हाताने रिकामी पर्स चाचपतेय. एवढी शिकलेली बाई, पण जुडग्यात बघावं हे काही सुचलं नाही. डोळ्यांना धार लागलेली, दिसणार काय कपाळ!

नोटरीसाहेब म्हणाले, टाळ्याचा आणि कागदाचा कायद्याने काही संबंध नाही, आपण सह्या करून घेऊ. कायदा त्यांना माहीत असेल. मी म्हटलं, आधी टाळं, मग सही. क्रम चुकला की अपघात होतात.

प्रफुल्ल पेटीजवळ गेला. टाळं बोटावर तोलून बघितलं आणि माझ्याकडे वळला.

"कटर हाय गाडीत, भाऊ. आणू काय?"

इतका राग मला महिन्याभरात आला नव्हता. एका दमात बोललो, मध्ये थांबलो नाही. म्हटलं, हळद लागलेल्या अंगाने तुला आणला तेव्हा कापलं होतं का रे तुझं टाळं? ज्याचं त्याने येऊन काढायचं. माणूस येईपर्यंत थांबायचं. सगळा कारखाना थांबला होता, मला काय धाड भरलीय?

मग पुष्कळ वेळ श्वास सापडेना. गोजरा पाठ चोळत बसली, बांगड्या कानाशी वाजत होत्या. सापडला तेव्हा अपेक्षाला म्हटलं, पुढच्या रविवारी चावी घेऊन ये. विसरू नको. विसरलीस तर त्याच्या पुढच्या रविवारी.

नोटरीसाहेबांचा फुकट हेलपाटा झाला. होईना का.